गट जुळला म्हणजे रक्त जुळले नव्हे!

भिवंडीत अपरात्री एखादी बाई बाळंतपणात रक्तस्रावाने पांढरीफटक पडते, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या हातात एक चिठ्ठी येते. चिठ्ठीवर रक्तगट आणि पिशव्यांचा आकडा, बाकी काही नाही. तो कल्याणकडे धावतो, ठाण्याकडे धावतो. खिडकीवर त्याला सांगतात, बदल्यात रक्त द्यायला माणसे आणा. रात्रपाळीवरचे दोन सोबती तो यंत्रमागावरून उठवून आणतो. पिशवी मिळते, सुई टोचली जाते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. गट जुळला होता ना? मग झाले!

नाही झाले. गट जुळला म्हणजे रक्त जुळले, ही समजूत विज्ञानाने कधीच गाडली आहे आणि गाडणाऱ्यांत मुंबईचे डॉक्टर होते. भिवंडीहून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या त्या शहरात १९५२ साली जे सिद्ध झाले, ते आज जगातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवले जाते. तरी आमच्या आयाबहिणींच्या शिरेत रक्त चढवताना त्या ज्ञानाची आठवण ठेवली जाईलच, अशी हमी त्यांना कोणी दिलेली नाही. या बाईच्या रक्तात आधीच कोणती प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार होऊन बसली आहेत, हा प्रश्न रक्त देण्यापूर्वी विचारलाच पाहिजे. तो न विचारणे हा निष्काळजीपणा नव्हे, तो गुन्हा आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

आधी त्या १९५२ सालाकडे जाऊ, कारण महाराष्ट्राला आपल्याच कर्तृत्वाचा विसर पडला आहे. मुंबईतले डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर अशा माणसांचे रक्त आले, की ज्यांच्याशी कोणाचेच रक्त जुळेना. नेहमीच्या तपासणीत त्यांच्या पेशी 'ओ' गटाच्या दिसत. ओ गटाला ओ चालतो, हा पन्नास वर्षांचा पाठ. पण या माणसांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी टाकल्या, की त्यांच्या गुठळ्या होत. ए टाकला तरी गुठळ्या, बी टाकला तरी गुठळ्या. दुसऱ्या कुणा डॉक्टरने नमुना खराब झाला असे म्हणून काचनळी धुऊन ठेवली असती. या तिघांनी ती धुतली नाही. नियमात न बसणारी वस्तू दिसली की नियमच तपासायचा, ही वैज्ञानिकाची खरी वृत्ती. त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रूथ सँगर, आर. आर. रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स या रक्तगटांच्या जाणकारांना सोबत घेतले आणि 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला शोध मांडला. जगाने त्या रक्तगटाला आपल्या शहराचे नाव दिले: बॉम्बे रक्तगट.

या शोधाचे मोल केवळ एका दुर्मीळ गटापुरते नाही. तांबड्या पेशीच्या अंगावर ए आणि बी ही चिन्हे उमटण्यापूर्वी 'एच' नावाचा एक पाया घातला जातो. सर्वसाधारण माणसांत हा पाया असतोच. ओ गटात तर तो उघडाच राहतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे हा पायाच नसतो. म्हणून त्याच्या शरीराला जगातले जवळजवळ प्रत्येक रक्त परके वाटते आणि त्या परक्यावर तुटून पडणारी प्रतिपिंडे त्याच्या रक्तात आपोआपच तयार होऊन फिरत असतात. ए, बी, ओ या गटांची जडणघडण कशी होते, हे कोडे सुटण्यात मुंबईच्या या मूठभर माणसांच्या रक्ताचा मोठा वाटा आहे. अशा माणसाला ओ समजून ओ गटाची पिशवी लावली, तर काही मिनिटांत थंडी वाजते, कंबर फुटते, लघवी लाल होते, मूत्रपिंडे बंद पडतात. माणूस रक्ताअभावी नव्हे, रक्तामुळे मरतो.

डॉ. भाटिया तिथे थांबले नाहीत. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र उभे राहिले. तेच वाढत जाऊन आज परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून उभे आहे. भाटियांनी त्या कामाला आयुष्य वाहिले आणि संस्थेचे नेतृत्व केले. १९७३ साली बडाकेरे, जोशी, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक नवे रक्तचिन्ह शोधले. युरोपीय माणसांत ते जवळजवळ दिसत नाही, आपल्याकडे मात्र शेकडा तीन-चार जणांत असते. जागतिक यादीत त्या रक्तगट प्रणालीचे नावच 'इंडियन' आहे. १९७४ साली भाटिया आणि साठे यांनी मुंबईच्या लोकसंख्येत बॉम्बे गटाचे प्रमाण मोजले आणि ते सुमारे ७,६०० जणांत एक असे निघाले. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एकाच्या आसपास सांगतात.

आता हा आकडा भिवंडीकडे आणू. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. इथे उत्तर प्रदेशचा अन्सारी आहे, बिहारचा मजूर आहे, तेलंगणाचा पद्मशाली आहे, कोकणातून आणि घाटावरून आलेला मराठी माणूस आहे, मूळचा आगरी-कोळी आहे. म्हणून मुंबईचा आकडा इथे जसाच्या तसा लागू होतो, असा दावा आम्ही करणार नाही. पण लावून पाहिला तर या एका शहरात नव्वदएक माणसे अशी निघतात, की ज्यांना ओ गटाची पिशवी म्हणजे विषाची पिशवी. त्यांतल्या किती जणांना हे माहीत आहे? ज्याच्या ओळखपत्रावर ओ पॉझिटिव्ह लिहिले आहे, त्याने कोणत्या भरवशावर त्या दोन शब्दांच्या स्वाधीन व्हायचे? पेशी तपासल्या, तसा रक्तद्रवही उलट तपासला आणि त्या तपासणीत ओ गटाच्या पेशी घेतल्या, तर हे गुपित तिथल्या तिथे उघडे पडते. त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. दक्षता लागते!

आणि बॉम्बे गट हे या संकटाचे केवळ टोक आहे. खरे संकट त्याहून मोठे, त्याहून रोजचे आणि म्हणूनच त्याहून अधिक दुर्लक्षित आहे.

कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली ए, बी, ओ हे गट दाखवले, त्यासाठी १९३० साली त्याला नोबेल मिळाले. आरएच हा घटक १९४० साली आला. पण तांबड्या पेशीच्या अंगावर यापलीकडे शेकडो चिन्हे आहेत: केल, डफी, किड, लहान सी, मोठा ई अशी त्यांची नावे. परके रक्त शरीरात गेले, की शरीर त्या चिन्हांची ओळख करून घेते. पहिल्या वेळी बहुधा काही घडत नाही. शरीर फक्त शिकते. दुसऱ्या वेळी तेच चिन्ह समोर आले, की शरीर ते विसरलेले नसते. कधी लगेच, कधी पाच-दहा दिवसांनी, चढवलेल्या पेशी फुटू लागतात. रुग्ण तोवर घरी गेलेला असतो. डोळे पिवळे होतात, ताप येतो, हिमोग्लोबिन पुन्हा खाली येते. घरचे म्हणतात कावीळ झाली. गल्लीतला डॉक्टर म्हणतो मलेरिया असेल. कोणीतरी गळ्यात काविळीची माळ बांधतो. चढवलेल्या रक्ताकडे बोट दाखवायचे कोणाच्या मनातही येत नाही. १० डिसेंबर २०१२ पासून देशात रक्तसंक्रमणाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. पण कावीळ म्हणून घरी मेलेल्या माणसाची नोंद त्यात कोण करणार?

या शिकण्याचा आणि न विसरण्याचा सर्वांत क्रूर फटका बाईला बसतो. बाईला परके रक्त मिळायला पिशवीच लागते असे नाही. गर्भारपणात, प्रसूतीत, गर्भपातात बाळाचे थोडे रक्त तिच्या रक्तात मिसळते आणि त्या रक्तावर बापाकडून आलेली चिन्हे असतात. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी नोंदवलेली हकीकत प्रत्येक भिवंडीकराने ऐकावी. मृत बाळाला जन्म दिलेल्या एका बाईला तिच्याच नवऱ्याचे रक्त दिले. गट तर जुळत होता. तरी तिच्या शरीराने ते रक्त उधळून लावले. का? कारण पोटातल्या बाळामार्फत तिच्या शरीराने नवऱ्याच्या रक्तातले ते चिन्ह आधीच ओळखून ठेवले होते, आणि त्याच प्रतिपिंडांनी तिचे बाळही घेतले होते. पुढे आरएच म्हणून जगाला कळलेला घटक तो हाच.

भारतात शंभरांत सुमारे पाच बायका आरएच निगेटिव्ह असतात. नवरा पॉझिटिव्ह असला, की पहिले बाळ बहुधा सुखरूप होते. पण त्याच बाळंतपणात आईचे शरीर शिकू शकते. तसे झाले तर दुसरे बाळ पोटातच फिके पडते, सुजते, मरते किंवा जन्मल्यावर तीव्र काविळीने त्याच्या मेंदूला इजा होते. तिसरे बाळही तसेच. आणि मग आमच्या समाजाची लाजिरवाणी गोष्ट सुरू होते. बाईच्या कुशीला कोणाची तरी नजर लागली. तिच्या पायगुणाने वंश बुडाला. तिला मांत्रिकाकडे न्या, बाबाकडे न्या, गंडा बांधा, नवस फेडा. आणि तेवढ्यानेही भागले नाही तर तिला माहेरी धाडा आणि दुसरी आणा! मंदिराच्या पायरीवर आणि दर्ग्याच्या चौकटीवर बसून रडणाऱ्या या आयांचा दोष काय? त्यांच्या शरीराने जे केले ते निसर्गाने शिकवलेले काम होते. दोष त्यांच्या शेजारी बसलेल्या अज्ञानाचा आहे. आणि त्याहून मोठा दोष, उपाय हाताशी असूनही तो त्यांच्यापर्यंत न पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

कारण उपाय आहे आणि तो आजचा नव्हे. अँटी-डी हे इंजेक्शन १९६८ सालापासून जगात वापरात आहे. आरएच निगेटिव्ह बाईला गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि पॉझिटिव्ह बाळ झाल्यावर बहात्तर तासांच्या आत ते दिले, तर तिचे शरीर शिकायचेच थांबते. इंजेक्शन न दिल्यास शंभर बायकांत सुमारे सोळा जणींच्या रक्तात प्रतिपिंडे होतात, नुसते बाळंतपणानंतर दिले तरी एक-दोन जणींच्याच. म्हणजे एका सुईच्या टोकावर पुढच्या सगळ्या बाळांचे आयुष्य उभे आहे. गर्भपात झाला तरी ही सुई लागते, ही गोष्ट तर सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. कारखान्याच्या माळ्यावर, दहा बाय दहाच्या खोलीत राहून कांडी भरणाऱ्या बाईला तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव झाला, तर ती दोन दिवस पडून राहते आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागते. तिचा रक्तगट कोणी विचारला? बहात्तर तास केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, हे तिला कोणी सांगितले?

एक भ्रम इथेच मुळासकट उपटला पाहिजे. आमच्या घराघरांत अशी श्रद्धा आहे, की संकटात परक्याचे रक्त नको, आपल्याच माणसाचे हवे. भावाचे द्या, बापाचे द्या, मुलाचे द्या, निदान जातीतल्याचे द्या. या श्रद्धेवर विज्ञानाचा निकाल अगदी उलट आहे. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कधीकधी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की रुग्णाचे शरीर त्यांना परके म्हणून ओळखतच नाही. त्या पाहुण्या पेशी मग तिथे ठाण मांडतात, वाढतात आणि यजमानाची त्वचा, यकृत, आतडी आणि अस्थिमज्जा यांवर हल्ला करतात. या विकारात शंभरांत नव्वदहून अधिक रुग्ण दगावतात. तो विरळा आहे, पण झाला की त्यातून वाचणे कठीण. म्हणून नातेवाइकाचे रक्त द्यायचेच झाले, तर ते आधी किरणांच्या माऱ्याने निर्धोक करावे लागते. ती यंत्रणा नसेल तर भावाने भावाला रक्त देऊ नये. आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकोला नवऱ्याने रक्त देऊ नये. त्याने तिचे शरीर त्याच्या चिन्हांविरुद्ध तयार होते आणि पुढच्या बाळावर ते उलटते. प्रेमाने दिलेले रक्त निर्धोक असते, असा निसर्गाचा कायदा नाही.

मग त्या नवऱ्याला चिठ्ठी देऊन पळवणे हा कोणता न्याय? त्याच्याकडून, त्याच्या भावाकडून, त्याच्या सोबत्याकडून बदली रक्त मागणे ही कोणती वैद्यकी? सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल देऊन रक्ताचा बाजार मोडायला सांगितले. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाने स्वेच्छा रक्तदानाचा मार्ग आखून दिला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी बदली दाता आणा हे वाक्य खिडक्यांवरून हटत नाही. परगावच्या कामगाराला बदली दाता कुठून मिळणार? त्याचा भाऊ गोरखपूरला, मेहुणा दरभंग्याला. मग तो एखाद्या अनोळखी माणसाला पाचशेची नोट देऊन 'माझा चुलतभाऊ' म्हणून उभा करतो. ज्या बाजारावर न्यायालयाने बंदी घातली, तो मागच्या दाराने परत येतो, आणि दार उघडतो तो बदलीचा आग्रहच.

राज्य सरकारलाही आमचे विचारणे आहे. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात 'जीवन अमृत' ही योजना सुरू झाली. १०४ क्रमांकावर दूरध्वनी केला की चाळीस किलोमीटरच्या परिघात रक्त रुग्णालयापर्यंत आणून द्यायचे, अशी ती सोय होती. रुग्णाच्या नातेवाइकाच्या पायांवरचे ओझे तिने व्यवस्थेच्या खांद्यावर घेतले होते. योजनेत त्रुटी असतील, तर त्या दुरुस्त करायच्या होत्या. २०२२ मध्ये ती गुंडाळली गेली आणि धावणे पुन्हा गरिबाच्या नशिबी आले. सुधारणा सुरू करून अर्ध्यावर टाकणे हे न सुरू करण्यापेक्षा वाईट, कारण त्याने लोकांचा सुधारणेवरचा विश्वास उडतो.

ज्या मुलांना जन्मभर रक्त घ्यावे लागते, त्यांची कथा तर आणखी वेगळी. शेजारच्या उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत, कच्छी भानुशाली आणि लोहाणा घरांत थॅलेसेमियाची मुले आहेत. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. दरवेळी नव्या माणसाचे रक्त, नवी चिन्हे. त्याचे शरीर एकेक चिन्ह शिकत जाते आणि एके दिवशी असे होते, की दहा पिशव्या तपासल्या तरी एकही जुळत नाही. हे टाळता येते. पहिले रक्त देण्यापूर्वीच त्या मुलाची आरएच आणि केल गटांतली चिन्हे तपासून लिहून ठेवायची आणि शक्यतो त्याच चिन्हांचे रक्त द्यायचे. पहिल्या पिशवीनंतर ही तपासणी अवघड होऊन बसते, कारण त्याच्या रक्तात दुसऱ्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. अशा मुलांना रक्त विनामूल्य द्यायचे असे सरकारी धोरण आहे, आणि ते योग्यच आहे. पण न जुळणारे रक्त विनामूल्य देणे हा उपकार नव्हे.

एक जास्तीची पिशवी हेसुद्धा एक पाप आहे, हे आमच्या डॉक्टरांनी मनावर घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. ही लाज आधी आमच्या जेवणाच्या ताटाची आहे. सगळ्यांचे वाढून उरलेले जी खाते तिच्या रक्तात लोह कुठून येणार? पण अशक्तपणा आहे म्हणून एक पिशवी चढवून टाका, ही सवय जीवघेणी आहे. लोहाच्या गोळीने, शिरेतून दिलेल्या लोहाने जे भरून येते, त्यासाठी परके रक्त वापरणे म्हणजे त्या बाईच्या शरीराला नव्या चिन्हांविरुद्ध विनाकारण शिकवणे. परके रक्त शरीराच्या प्रतिकारशक्तीला कसे वळण लावते, याचा पुरावा १९७३ पासून जगासमोर आहे: ज्यांना आधी रक्त दिले गेले होते, त्यांच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड अधिक टिकते, असे ओपेल्झ आणि सहकाऱ्यांना तेव्हा आढळले. म्हणजे एक पिशवी प्रतिकारशक्तीला कुठे चेतवते, तर कुठे दाबते. इतक्या बलवान गोष्टीला टॉनिक समजायचे?

या शहराला रक्ताची एक जुनी, वेदनेची ओळख आहे. १९७० च्या मे महिन्यात इथे दंगल झाली, न्यायमूर्ती मादोन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ साली पुन्हा इथली माती लाल झाली. ज्या रक्ताच्या नावाने माणसे एकमेकांवर तुटून पडली, त्या रक्ताला धर्म नाही आणि जात नाही, हे रक्तपेढीच्या कपाटाइतके स्पष्ट कोणीच सांगत नाही. अन्सारीच्या पोराला पाटलाचे रक्त जुळते आणि सख्ख्या भावाचे जुळत नाही, असे तिथे घडत असते. बॉम्बे गट मात्र एक धडा सगळ्यांना सारखाच देतो. तो आई आणि बाप दोघांकडून आलेल्या जनुकांतून उतरतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्ने झाली की त्याची शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांची लग्ने, मामाच्या मुलीशी लग्न, बहिणीच्या मुलीशी लग्न, या चाली इथल्या एकाच समाजाच्या नाहीत. मराठी घरांत आहेत, तेलुगू घरांत आहेत, मुसलमान घरांत आहेत. एकमेकांकडे बोट न दाखवता प्रत्येकाने आपल्या घरातली ही चाल तपासावी.

आता भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेकडे, राज्य रक्तसंक्रमण परिषदेकडे आणि आरोग्य खात्याकडे आम्ही जे मागतो ते ऐका. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आणि पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक गर्भवतीचा रक्तगट, आरएच आणि प्रतिपिंडांची कूम्ब्ज चाचणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे. ही चाचणी १९४५ साली शोधली गेली. ती परवडत नाही म्हणणाऱ्या सरकारने आधी आपल्या जाहिरातींचा खर्च मोजावा. निगेटिव्ह निघालेल्या प्रत्येक बाईला अँटी-डी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि ते कपाटात चोवीस तास असले पाहिजे, कारण प्रसूती कार्यालयीन वेळ पाहून होत नाही. भिवंडीच्या रुग्णाला रक्त पुरवणाऱ्या प्रत्येक पेढीने केवळ मीठपाण्यातल्या झटपट जुळवणीवर न भागवता, रुग्णाच्या रक्तद्रवाची प्रतिपिंड तपासणी पूर्ण केल्याशिवाय, निकडीचे अपवाद सोडून, पिशवी बाहेर देऊ नये. त्या तपासणीच्या पेशी परदेशातून येतात, तेव्हा 'इंडियन'सारखी आपल्या लोकांची चिन्हे त्यांवर आहेत की नाहीत, हे परळच्या संस्थेकडून पडताळून घ्यावे. याच संस्थेने दुर्मीळ रक्तदात्यांची नोंदवही उभी केली आहे; ठाणे जिल्ह्यातली प्रत्येक पेढी तिला जोडली पाहिजे. बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी २०२४ साली जसा शिर्डीहून एक दाता शेकडो किलोमीटर प्रवास करून इंदूरला गेला, तशा माणुसकीवर सगळा भार आहे. त्या माणुसकीला आमचा साष्टांग नमस्कार. पण राज्यकारभार नमस्कारावर चालत नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. माग एका तुटलेल्या तारेसाठी थांबवणारा कारागीर या शहरात आहे. कापडात एक खोट राहिली तर व्यापारी तो ताका परत पाठवतो. माणसाच्या शिरेत जाणाऱ्या वस्तूची तपासणी कापडापेक्षा ढिली राहावी, हे या कष्टकरी गावाने सहन करता कामा नये. मालकांच्या संघटनांनी आपल्या कामगारांची स्वेच्छा रक्तदान शिबिरे वर्षभर वाटून घ्यावीत. एखाद्या जयंतीच्या दिवशी हजार पिशव्या जमवायच्या आणि पुढचे तीन महिने कपाट रिकामे ठेवायचे, याने रुग्ण वाचत नाहीत. मौलवींनी आणि कीर्तनकारांनी आपापल्या व्यासपीठावरून सांगावे, की बाळ दगावणारी आई शापित नसते, तिला रक्ततपासणी हवी असते. ज्या घरात दोन बाळे काविळीने गेली, त्या घराने गंडा बांधण्याआधी रक्तद्रवाची चाचणी करून घ्यावी.

आणि भिवंडीच्या मायबहिणींनो, शेवटचे तुम्हालाच. पोटात बाळ आहे हे कळले, की पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना विचारा: माझा आरएच कोणता? माझी कूम्ब्ज चाचणी केली का? आधी कधी रक्त घेतले असेल, गर्भपात झाला असेल, बाळ गेले असेल, तर न लाजता सांगा आणि कार्डावर लिहून घ्या. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.